मामंजींचा हात कोणी, कसा आणि किती हलवावा?

खानापूर तालुक्यातून एका भगिनीने पाठवलेले पत्र, थोडे संक्षिप्त करून:

‘सप्रेम नमस्कार. माझे सासरे सदुसष्ट वर्षांचे आहेत. नऊ दिवसांपूर्वी पहाटे त्यांच्या अंगावरून वारे गेले. उजवा हात आणि उजवा पाय पूर्ण लुळा पडला असून बोलणेही बंद झाले आहे. बेळगावच्या रुग्णालयात पहिले चार दिवस ते अतिदक्षता विभागात होते, आता साध्या वॉर्डात आहेत. फिजिओथेरपीच्या मॅडम रोज सकाळी येऊन पंधरा मिनिटे त्यांचे हातपाय हलवतात आणि “दुपारी-संध्याकाळी तुम्हीही करा” असे सांगून पुढच्या खाटेकडे जातात. त्या कन्नडमधून सांगतात. मला त्यातले थोडे कळते आणि बरेच निसटते. यजमान गोव्यात कामाला असून शनिवारी रात्री येतात. एरवी रुग्णालयात मी आणि सासूबाईच असतो. हात उचलला की मामंजींच्या डोळ्यांतून पाणी येते, म्हणून सासूबाई कोणाला हात लावू देत नाहीत. उलट भेटायला येणारे भाऊबंद म्हणतात की जोर लावून ओढा, कळ आली की शीर मोकळी होते. शेजारच्या गावात तेल चोळून सांधे मोडून देणारे एक गृहस्थ आहेत. घरी गेल्यावर त्यांना बोलवायचे घाटत आहे. एका नातेवाइकाने गुडघा आपोआप हलवणारे यंत्र भाड्याने आणायला सांगितले आहे. या हालचालींनी खरोखर ताकद येते का? माझ्या हातून काही बिघडणार नाही ना? सुनेने सासऱ्यांना असे हाताळावे का, हाही संकोच मनात आहे.’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते नीट समजले तर बाकीच्या शंका बऱ्याच अंशी आपोआप सुटतील. दुसऱ्याने हातपाय हलवल्यामुळे रुग्णाच्या स्नायूंत ताकद येत नाही. ज्याला आम्ही फिजिओथेरपिस्ट निष्क्रिय हालचाल म्हणतो आणि वॉर्डात ज्याला सगळे ‘पॅसिव्ह’ म्हणून ओळखतात, त्या व्यायामात रुग्णाचा स्नायू काहीच काम करत नाही. काम करणाऱ्याचा हात काम करतो आणि रुग्णाचा सांधा तेवढा फिरतो. स्नायूने स्वतः आकुंचन पावल्याशिवाय तो बळकट होत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे स्नायू रोड होतात, ती झीजही अशा हालचालीने थांबत नाही. रक्ताभिसरणाला तिचा थोडा उपयोग होतो, परंतु रुग्णाने स्वतः पाय हलवल्याने जेवढा होतो तेवढा नाही.

मग ती करायची कशासाठी? सांध्याभोवतीचे आवरण, स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणारे बंध हे ज्या स्थितीत सतत राहतात त्याच लांबीला हळूहळू जुळवून घेतात. कोपर दिवसरात्र वाकलेले राहिले तर काही आठवड्यांत ते सरळ होईनासे होते. सांध्याच्या आतल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते आणि तो द्रव हालचालीनेच सगळीकडे पोहोचतो. शिवाय उजव्या अंगाला होणारा स्पर्श आणि सांधा फिरल्याची जाणीव मेंदूकडे जात राहते. तुमचा भाताचा तालुका आहे, म्हणून तुमच्याकडचेच उदाहरण देतो. पाटात पाणी सोडणे आपल्या हातात नसले, तरी पाणी येईपर्यंत पाट बुजू न देणे आपल्या हातात असते. मेंदू सावरू लागला आणि हाताला हुकूम पुन्हा पोहोचू लागला, तर त्या वेळी खांदा, मनगट आणि घोटा आखडलेले नसावेत, एवढ्याचसाठी ही सगळी मेहनत आहे.

यातही मी तुम्हाला वाजवीपेक्षा अधिक आशा दाखवणार नाही. मज्जासंस्थेच्या आजारात सांधे आखडू नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या ताणाविषयी जगभरातल्या चाचण्या एकत्र तपासणारी कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेची समीक्षा २०१७ साली प्रसिद्ध झाली. सात महिन्यांपेक्षा कमी काळ दिलेल्या ताणाने सांध्याच्या हालचालीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. त्यावरून हे सगळे सोडून द्यावे असा अर्थ मी घेत नाही. जोर वाढवून लाभ वाढत नाही, आणि दिवसातली पंधरा मिनिटे उरलेल्या पावणेचोवीस तासांची भरपाई करू शकत नाहीत, असा अर्थ मी घेतो. त्यामुळे हात कसा हलवावा हे मी सांगेनच, परंतु मामंजी दिवसभर कसे झोपतात, कसे बसतात आणि कोणाच्या आधाराने उठतात याकडे तुम्ही अधिक लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याविषयी. सासूबाईंचे चुकते आहे असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण त्यांनी जे पाहिले ते बहुधा खरे आहे. पक्षाघातानंतर भावना आवरण्याची शक्ती कमी होऊन माणसाला विनाकारणही रडू येते, आणि वाचा गेलेल्या कर्त्या पुरुषाला तर रडायला कारणे पुष्कळ असतात. तरीही हात उचलण्याच्या क्षणीच पाणी येत असेल, तर ते खांद्याचे दुखणे आहे असे समजूनच वागावे. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ वाटीत बसवलेला मोठा गोळा असतो आणि त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः स्नायू करतात. ते स्नायू लुळे पडले की हाताच्या नुसत्या वजनानेच गोळा वाटीतून खाली सरकतो. खांद्याच्या टोकाखाली बोटाने चाचपले तर तिथे खाच लागते. अशा वेळी मनगट धरून हात वर ओढला, किंवा रुग्णाला वर सरकवताना काखेत हात घालून उचलले, तर सांध्याभोवतीच्या नाजूक ऊती चिमटल्या जातात आणि फाटूही शकतात.

निपाणीकडच्या एका आजींची आठवण मला आजही अस्वस्थ करते. तंबाखूच्या वखारीत आयुष्य घालवलेल्या त्या बाईंचा डावा हात गेला होता. रुग्णालयात रोज सकाळी चादर बदलताना दोघे जण त्यांना काखेत धरून वर सरकवत. घरच्यांनीही तीच पद्धत उचलली. मी तेव्हा नवखा होतो. पंधरा मिनिटांचा व्यायाम मी नीट करून घेत असे, पण त्यांना वर सरकवताना कोण कुठे धरते हे पाहण्याची तसदी मी घेतली नाही. दोन महिन्यांनी त्यांच्या हातात थोडी हालचाल आली, बोटे मिटू लागली, पण खांदा इतका दुखरा आणि घट्ट झाला होता की त्या हाताने त्यांना केसांना तेलसुद्धा लावता येईना. तेव्हापासून कोणत्याही रुग्णाच्या नातेवाइकांना मी पहिल्यांदा एकच गोष्ट सांगतो: त्या हाताला धरून माणसाला कधी ओढू नका, आणि इतर कोणी ओढत असेल तर त्याला थांबवा. वर सरकवायचे असेल तेव्हा कंबरेखाली दुहेरी घडीची चादर घालावी आणि दोन्ही बाजूंनी दोघांनी ती उचलावी.

तुम्ही स्वतः हात हलवाल तेव्हा उजव्या बाजूला उभ्या राहा. मामंजी पाठीवर झोपलेले असावेत. तुमच्या एका तळव्याचा आधार त्यांच्या कोपराच्या किंचित वर आणि दुसऱ्या हाताचा मनगटाला असावा. हात लोंबकळता कामा नये, त्याचे सगळे वजन तुमच्या हातांवर यायला हवे. त्यांचा अंगठा छताकडे राहील असे धरून हात पुढून वर न्यायला सुरुवात करा आणि खांद्याच्या रेषेत, म्हणजे काटकोनात आला की तिथेच थांबा. त्यापुढे जाण्याचा मोह टाळा. माणूस हात डोक्यावर नेतो तेव्हा साधारण दोन भाग हालचाल खांद्याच्या सांध्यात आणि एक भाग पाठीवरच्या फऱ्यात होते. लुळ्या अंगाचा फरा आपोआप फिरत नसल्यामुळे तो हाताने फिरवावा लागतो, आणि ते कौशल्य मॅडमनी शेजारी उभे राहून शिकवल्याशिवाय येत नाही. हात बाजूला नेतानाही तळवा वरच्या दिशेला असावा आणि मर्यादा तीच पाळावी. त्यानंतर कोपर अंगाला टेकवून काटकोनात वाकवावे आणि मनगट हळूहळू बाहेरच्या बाजूला न्यावे. बाहेर वळण्याची ही हालचाल खांद्यात सर्वांत आधी हरवते आणि नातेवाईक बहुधा तीच विसरतात.

कोपर सरळ करणे, तळवा वर-खाली फिरवणे आणि मनगट मागे नेणे यांत फारसे अवघड काही नाही. बोटांपाशी मात्र थोडे थांबा. आज मामंजींची बोटे सैल असतील, पण पुढच्या काही आठवड्यांत ती आपोआप मिटू लागण्याची शक्यता असते, आणि मग मूठ उघडण्यासाठी सगळे बोटांची टोके ओढू लागतात. त्याऐवजी मनगट आतल्या बाजूला वाकवावे, म्हणजे बोटे स्वतःच सैल पडतात. मग अंगठा त्याच्या बुडाशी धरून बाहेर काढावा, नंतर बोटे सरळ करावीत आणि ती सरळ ठेवूनच मनगट सावकाश मागे आणावे. ही ताठरता आली की घरात आनंद होतो, ‘हातात जोर आला’ असे लोक म्हणतात. तो जोर रुग्णाच्या ताब्यातला नसतो. झटका दिला की असा स्नायू अधिकच आवळतो आणि संथ गतीने ताण दिला की सैल होत जातो. म्हणून एक फेरी करायला तुम्हाला जेवढा वेळ पुरेसा वाटेल, त्याच्या दुप्पट वेळ घ्या.

पायात सर्वांत जास्त काळजी घोट्याची घ्यावी. झोपून राहिलेल्या माणसाचा पंजा खाली झुकतो, टाचेमागचा जाड बंध आखडतो, आणि पुढे उभे राहण्याची वेळ येते तेव्हा टाच जमिनीला टेकत नाही. चवडा धरून पंजा मागे ढकलण्याची सर्वांना सवय असते, पण त्यात पावलाच्या मधल्या भागावर ताण येतो आणि टाचेमागचा बंध तसाच राहतो. टाच तुमच्या तळव्यात घट्ट धरा, तुमच्या हाताचा मनगटापासून कोपराकडचा आतला भाग त्यांच्या तळपायाला टेकू द्या, टाच स्वतःकडे खेचा आणि त्याच वेळी कोपरापासूनचा हात पुढे झुकवून तळपाय वर दाबा. गुडघा सरळ ठेवून मनात सावकाश तीस मोजेपर्यंत धरा आणि सोडा. मग गुडघ्याखाली घडी घालून तो थोडा वाकवून तेच पुन्हा करा, कारण पोटरीत वरचा आणि खालचा असे दोन स्नायू आहेत आणि वाकलेल्या गुडघ्यात खालच्याला ताण मिळतो. गुडघा आणि खुबा यांसाठी एक हात गुडघ्याखाली आणि एक टाचेखाली देऊन मांडी पोटाकडे न्यावी, परत सरळ करावी, आणि पाय सरळ असताना तो बाजूला नेऊन मध्यभागी आणावा.

प्रत्येक सांध्याच्या पाच ते दहा फेऱ्या, दिवसातून दोनदा, एवढे प्रमाण पुरे आहे. सगळे मिळून वीस-पंचवीस मिनिटे लागतील. चांगल्या बाजूच्या फेऱ्या मामंजींना स्वतः करायला सांगा, कारण नऊ दिवसांत तो हातही नुसताच पडून राहू लागला असेल. नळीतून अन्न किंवा पाणी दिल्यावर लगेच सपाट झोपवून व्यायाम सुरू करू नये, तासभर जाऊ द्यावा. लघवीची पिशवी, सलाईनची नळी आणि नाकातली नळी कुठून कुठे जाते हे आधी डोळ्यांनी पाहून मगच पाय हलवावा. शक्यतो सलाईन आणि बीपीचा पट्टा चांगल्या हाताला लावावा, अशी सिस्टरना विनंती करून ठेवा.

ताण आणि कळ यांतला फरक तुम्हाला ओळखता आला पाहिजे, आणि मामंजींच्या बाबतीत तो चेहऱ्यावरच वाचावा लागेल. उजवे अंग आणि वाचा एकत्र गेली, याचा अर्थ बहुधा मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली आहे. अशा माणसाला पुष्कळदा समोरच्याचे बोलणे थोडेफार कळते, पण ‘दुखते’ हा एक शब्द ओठांवर येत नाही. त्यांचा डावा हात सासूबाईंच्या हातात द्या आणि दुखले तर दाबा असे सांगून ठेवा. सासूबाईंना खोलीबाहेर पाठवण्यापेक्षा हे काम त्यांच्याकडे सोपवणे मला अधिक योग्य वाटते. कपाळावर आठी, श्वास रोखणे, चांगला हात आवळणे यांपैकी काहीही दिसले की जिथे आहात तिथून थोडे मागे या, थांबा, आणि तेवढ्याच मर्यादेत उरलेल्या फेऱ्या करा.

काही वेळा हात मुळीच लावू नये. पोटरी किंवा मांडी एकाएकी सुजली, गरम लागली, दुखू लागली किंवा दोन पोटऱ्यांच्या जाडीत फरक दिसला, तर शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते. अशा पायाला हलवणे नाही, चोळणे तर नाहीच. ताबडतोब सिस्टरना आणि डॉक्टरांना सांगावे, कारण ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव धोक्यात येतो. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर क्षणाचाही विलंब नको. एखादा सांधा लाल होऊन सुजला, पडल्यामुळे हाड मोडल्याची शंका आली, ताप चढला, बीपी फार वर गेले किंवा मामंजी नेहमीपेक्षा जास्त गुंगीत वाटले, तर त्या दिवशीचा व्यायाम डॉक्टरांना विचारल्यावरच करावा.

घाईविषयीही थोडे सांगायला हवे, कारण ‘पहिल्याच दिवशी उभे केले असते तर’ असे तुम्हाला कोणीतरी ऐकवलेच असेल. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, पक्षाघाताचा झटका आल्यानंतर चोवीस तासांच्या आत जवळपास निम्म्या रुग्णांना वारंवार आणि अधिक वेळ अंथरुणाबाहेर काढले गेले. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ४६ टक्के चांगल्या स्थितीत होते आणि नेहमीच्या पद्धतीने सावकाश उठवलेल्यांतले ५० टक्के. तेव्हा पहिले काही दिवस मामंजींना जपून ठेवले याची खंत नको. आज नववा दिवस आहे, डॉक्टरांची हरकत नसेल तर आता खाटेच्या कडेला आधार देऊन बसवण्याची वेळ आली आहे, आणि तो प्रश्न उद्याच्या राउंडला तुम्ही होऊन विचारायला हवा.

दिवसभराच्या स्थितीकडे येतो. उजव्या खांद्याखाली आणि हाताखाली उशी असावी, हात अंगापासून थोडा दूर आणि पंजा कोपरापेक्षा उंच असावा, म्हणजे हाताला सूज येत नाही. गुडघ्याखाली कायमची उशी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे प्रेमापोटी रूढ झाली आहे. त्याने रुग्णाला बरे वाटते, पण गुडघा आणि खुबा वाकलेल्या स्थितीत आखडतात, म्हणून ती थोडा वेळच ठेवावी. पाय बाहेर कलंडत असेल तर खुब्याच्या बाहेरच्या बाजूला लुगड्याची गुंडाळी लावावी. टाच गादीवर टेकू नये यासाठी पोटरीखाली पातळ घडी द्यावी. पांघरुणाचाही विचार करा: घरी गेल्यावर पावसाळी गारठ्यात तुम्ही त्यांच्या अंगावर वाकळ घालाल, आणि तिचे वजन रात्रभर पंजावर पडून तो खाली दाबला जाईल. वाकळ पायाकडून सैल सोडावी किंवा पायथ्याशी एखादे खोके ठेवून त्यावर टाकावी. दर दोन तासांनी कूस बदलावी. कूस बदलताना माकडहाड, खुबे, टाचा आणि फऱ्यांवरची त्वचा पाहावी. लाल झालेली जागा चोळू नये, तिच्यावरचा भार काढावा. तुम्ही दोघीच असताना रात्रभर हे करणे किती कठीण आहे याची मला जाणीव आहे, म्हणून सिस्टरना हवेची गादी मिळेल का तेही विचारा. गादी मिळाली तरी कूस बदलणे मात्र सुटत नाही.

लोक बहुधा हातात रबरी चेंडूही आणून देतील. सैल हाताला तो दाबता येत नाही, आणि आवळणाऱ्या हाताला मिटण्याचीच सवय लागते. त्याला शिकायचे असते उघडणे. चेंडू बाजूला ठेवावा.

भाऊबंदांना तुम्ही काय सांगावे? कळ आल्याने शीर मोकळी होत नाही, मुळात हात गेला आहे तो शीर आखडल्यामुळे नव्हे. बिघाड मेंदूत आहे आणि हात-पाय हलवण्याचा हुकूम तिथून निघत नाही. हे त्यांना तुम्ही सुनेच्या नात्याने सांगितलेले रुचणार नसेल तर डॉक्टरांच्या तोंडून सांगा, राउंडच्या वेळी त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्यालाच शेजारी उभे करा. तेल चोळणाऱ्या गृहस्थांच्या हेतूविषयी मला शंका नाही. कोमट तेल त्वचेवरून हलक्या हाताने फिरवले तर त्वचा मऊ राहते आणि रुग्णाला माया जाणवते, ते तुम्ही किंवा सासूबाईंनीच करावे. परंतु संवेदना कमी झालेल्या अंगाला ‘आता थांबा’ असे वेळेवर सांगता येत नाही. सांधा मोडण्याच्या एका झटक्याने खांदा निखळू शकतो आणि म्हाताऱ्या, ठिसूळ हाडाला इजा होऊ शकते. पोटरी जोराने चोळण्याचा धोका वर लिहिलाच आहे. गरम विटेचा किंवा शेकाच्या पिशवीचा शेकही नको. चटका बसलेला त्यांना कळेलच असे नाही आणि फोड आल्यावरच तुम्हाला दिसेल.

गुडघा हलवणाऱ्या यंत्रासाठी पैसे घालवू नयेत. सतत निष्क्रिय हालचालीची ही कल्पना रॉबर्ट साल्टर या कॅनडातल्या अस्थिशल्यविशारदांनी १९७० च्या सुमारास मांडली. ती होती सांध्याच्या इजा आणि शस्त्रक्रिया यांच्यासाठी. गुडघा बदलल्यानंतरही अशा यंत्राने रुग्णाला फारसा अधिक लाभ होत नाही असे पुढे दिसून आले आहे. मामंजींचा गुडघा ठीक आहे, आणि यंत्राला त्यांच्या कपाळावरची आठी दिसत नाही. तेच पैसे डिस्चार्जनंतर आठवड्यातून दोनदा घरी येणाऱ्या पदवीधर फिजिओथेरपिस्टसाठी राखून ठेवा. घरापर्यंत कोणी येत नसेल तर खानापूर किंवा बेळगावला ठरावीक दिवशी नेण्याची सोय आत्ताच लावून ठेवा.

भाषेची अडचण तुम्ही जेमतेम एका ओळीत लिहिली आहे, पण मला ती मोठी वाटते. आपल्या भागात मराठी रुग्ण, कन्नड बोलणारा कर्मचारी आणि इंग्रजीत लिहिलेला डिस्चार्जचा कागद असे रोजच घडते. यात कोणाचा दोष शोधण्यापेक्षा मॅडमचे हात पाहून शिकणे सोपे जाईल. त्यांची परवानगी घेऊन एका सकाळचा पूर्ण व्यायाम फोनवर चित्रित करा. दुसऱ्या दिवशी त्यांच्या समोर तुम्ही स्वतः करून दाखवा आणि त्यांना चूक सुधारू द्या. नुसते पाहून हे येत नाही. ‘सावकाश’ हा शब्द आपल्याकडच्या कन्नडमध्येही तसाच चालतो. ‘नोवु’ म्हणजे दुखणे, ‘साकु’ म्हणजे पुरे, आणि ‘इन्नोम्मे तोरिसी’ म्हणजे पुन्हा एकदा दाखवा. एवढे शब्द तुमच्याकडून गेले की त्याही सावकाश सांगतील, असा माझा अनुभव आहे. मामंजींशी मात्र मराठीतच बोला, आणि तेही त्यांच्या नेहमीच्या बोलीत.

संकोचाबद्दल तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत, म्हणून मीही तितक्याच मोकळेपणाने लिहितो. हात, कोपर, मनगट, बोटे आणि घोटा हे तुम्ही निःसंकोच हाताळावेत. मांडी आणि खुब्याचा भाग सासूबाईंनी किंवा यजमान आले की त्यांनी केला तरी चालेल, अंगावर चादर राहू द्यावी. मामंजींनाही हा संकोच असणार. बोलता येत नसल्यामुळे तो त्यांना व्यक्त करता येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी आधी ‘मामा, आता हात उचलते’ असे सांगून मगच स्पर्श करा.

हे सांगणे शिष्टाचारापुरते नाही. तुम्ही हात वर नेत असताना त्यांनी त्या हाताकडे पाहावे, मनातल्या मनात स्वतः तो उचलण्याचा प्रयत्न करावा, असे प्रत्येक फेरीला सांगत राहा. एखाद्या दिवशी तुमच्या तळव्याला त्यांच्या हाताचे वजन किंचित कमी झाल्यासारखे वाटेल, किंवा अंगठा हलल्याचा भास होईल. तो भास समजून सोडू नका. त्या क्षणापासून ती हालचाल तुम्ही पूर्ण करायची नाही. त्यांना जेवढी जमते तेवढी करू द्यायची, थांबतील तिथून पुढे हलका आधार द्यायचा, आणि दुसऱ्या सकाळी मॅडमना ते आवर्जून दाखवायचे, कारण तिथून व्यायामाची सगळी पद्धत बदलते. ताकद येते ती या प्रयत्नातून. उठून बसणे, डाव्या हाताने उजवा हात सांभाळून कूस बदलणे, आधाराने उभे राहणे, जे जे त्यांना स्वतः थोडेही करता येईल ते तुम्ही त्यांच्यासाठी करून टाकू नका, वेळ लागला तरी.

या शनिवारी यजमान आले की रविवारी सकाळी त्यांना उजव्या बाजूला उभे करा आणि कोपर-मनगट कसे धरायचे ते तुम्हीच शिकवा. चादरीने वर सरकवण्याचा सरावही त्याच वेळी दोघांनी करून घ्या. डिस्चार्जची तारीख कळली की मॅडमना तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: खांदा काटकोनापुढे न्यायला कधीपासून हरकत नाही, बसताना आणि उभे राहताना हाताला झोळी लावायची का, आणि पुन्हा तपासणीला कधी आणायचे. हात उचलताना येणारे ते पाणी दोन-तीन दिवसांत कमी झाले नाही, तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना खांदा दाखवा.